भरीत आणि दम्याच्या गोळ्या

जळगाव, ९ जानेवारी १९८८

मंगलच्या बाबांना वच्छलाचा नमस्कार.

इथे दादाकडे माझं बरं चाललंय. दमा कमी आहे, झोप लागते. स्टिरॉइडच्या गोळ्या सकाळी पोटभर खाऊनच घेते. चेहरा तेवढा भाकरीसारखा फुगलाय. गोळ्यांमुळे होतं म्हणे, कमी झाल्या की उतरेल. मला बघून दचकू नका.

मंगल शाळेत जाते ना? तिची वेणी कोण घालतं?

तुम्ही लिहिलंत, "जेवणाचं बठ्ठं बेस शे, शेजारची पुष्पाबाई रोज भरीत देस." सगळं छान म्हणे! मी होते तेव्हा चार मिरच्या मागितल्या तर दार लावून घ्यायची! तिचं नाक चाफेकळी आणि माझं तोंड हे असं. पत्र वाचलं आणि ठरवलं, गोळ्या बंद, उद्याच घरी, आपल्या साक्रीची एसटी धरते. डॉक्टर केवढे ओरडले! "एकदम सोडल्या तर जिवावर बेतेल. मी सांगेन तशा हळूहळू कमी करायच्या."

तेव्हा मला यायला वेळ लागेल. गोळ्या हळूहळूच सुटतील. पुष्पाबाईचं भरीत मात्र तुम्ही आजच्या आज एकदम सोडा. त्यानं जिवाला काही होत नाही.

तुमचीच,
वच्छला