तुमच्या चांदण्या आल्यात

बसवनगुडी,
एप्रिल १९९७

अहो,

नाव घालून पत्र लिहायचा धीर अजून होत नाही, म्हणून अहोच. चौथीपर्यंत शिकलेली मी, ओळी तिरक्या जातील, हसू नका. पण आज तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही. तुमचे चांदण्यांचे फोटो आले! तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि फोटो आज आले.

थांबा, नीट सांगते.

यंदा आकाशात शेपटीचा तारा आलाय. दिवेलागणीला मावळतीकडे दिसतो, शेजारच्या सरोजाक्कांच्या नारळाच्या वर. त्यांचा नारळ यंदा भारी लागलाय, पण ते जाऊ दे. त्या दिवशी करंट गेला आणि तारा असा उजळला म्हणता! मला राहवेना. तुमचा कॅमेरा काढला. हो, तोच! हात लावला की "अगं जपून, पोळपाट आहे का तो?" म्हणायचात. सरोजाक्कांच्या सुरेशनं रोल घालून दिला. स्टँड लावला, वायरचं बटण दाबून धरलं आणि देवाची बारा नावं म्हटली. तुम्ही घड्याळ बघायचात, मला आपली नावं बरी. उरलेला रोल तुळस आणि सरोजाक्कांवर संपवला.

चौकातल्या स्टुडिओत गेले तर तिथला पोरगा म्हणाला, "अज्जी, तुळस छान आली. बाकीचे खाली आहेत, प्रिंट केले नाहीत."

"खाली म्हणजे?"

"काही आलं नाही त्यात."

अहो, अगदी हेच तुम्ही घरी येऊन सांगायचात! "काही आलं नाही गं." पाकीट बिस्किटाच्या डब्यात टाकायचात. आणि मी? "अंधाराचे फोटो काढले तर अंधारच येणार!" पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचे. सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात.

मी ती निगेटिव्हची पट्टी त्याच्या ट्यूबलाइटसमोर धरली. पन्नास वर्षं तांदूळ निवडलेत, खडा चुकत नाही या डोळ्यांना. पट्टीवर बारीक काळे ठिपके होते, आणि एकाला शेपटी!

"हे काय?"

"धूळ असेल अज्जी."

"धुळीला शेपूट असतं का? कर प्रिंट. सगळे."

"काळे कागद येतील."

"येऊ देत. स्वल्प माझंही ऐक."

"सरी अज्जी, सरी, करतो."

आणि आला की हो! काळ्याभोर कागदावर, शेपटीसकट!

मग मला तुमचा बिस्किटाचा डबा आठवला. घरी येऊन डबा घेतला, तशीच परत गेले. तुमची अकरा पाकिटं होती त्यात, सगळी प्रिंट करायला दिली.

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तुम्हाला ते ठिपके दिसणार कसे? समोरच्यानं नाही म्हटलं की "थँक यू" म्हणून परत फिरणारे तुम्ही! एकदा तरी भांडायचं. नाहीतर मला न्यायचं होतं बरोबर! पण मी तरी तो डबा कधी उघडला? तांदूळ रोज बघितले, तुमची पट्टी एकदाही नाही. हे टोचतंय.

आता सगळे पलंगावर मांडून बसलेय. मृग आहे, पोटातल्या बाणासकट. कृत्तिकांचा पुंजका आहे. एकात सगळ्या चांदण्या हललेल्या आहेत, तो तुम्हाला शिंक आली तेव्हाचा असणार! किती बघू आणि किती नको असं झालंय. एवढं सगळं आलं होतं, आणि तुम्ही गेलात ते आपल्याला जमलंच नाही असं समजून.

एक वचन देते. ज्यांच्या ज्यांच्यासमोर मी तुम्हाला हसले, त्या प्रत्येकाच्या घरी जाणार. आधी माझी चूक सांगेन, मगच फोटो बाहेर काढीन. पहिल्यांदा येलहंकाला वन्संकडे, सर्वांत मोठ्यानं त्याच हसायच्या. उद्या सकाळचीच बस धरते.

तुमची,
गंगू