अर्ध्या दाढीवर

ता. ९ जुलै

ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. भाऊजींचा खोकला गेला का? इकडे दुकान ठीक, मीही ठीक. नवी खुर्ची घेतली, ती आत्ताच कुरकुरायला लागलीय.

तुझा निरोप मिळाला. बाबांना अर्ध्या दाढीवर टाकून पळालो, नंतर तोंड दाखवलं नाही. खरं आहे. दुकानातून तातडीचा फोन आला म्हणालो, ती शुद्ध थाप होती.

लकवा झाल्यापासून बाबा बोलत नाहीत, पण दाढीला मान बरोबर वर करतात. त्या दिवशीही केली. वस्तरा गळ्याशी होता आणि मनात आलं, आत्ता हात दाबला तर?

कागद फेकू नकोस, पुढे वाच.

बाबांवर माझा राग नाही गं. मला ते हवेत, म्हणूनच पळालो. तेव्हापासून प्रत्येक गळ्यापाशी तेच. 'नाही, नाही' म्हणत ढकलायचो, तर विचार दुप्पट जोराने यायचा. शेवटी वस्तरे कुलपात घातले आणि 'इथे फक्त कटिंग' अशी पाटी लावली. गिऱ्हाइकं म्हणाली, कारागीर माजला! मग कात्रीचीही भीती वाटायला लागली, तेव्हा मुकाट्याने डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वाटलं, या आता पोलिसांनाच बोलावणार.

त्या म्हणाल्या, "विचार आला म्हणजे तुम्ही तसं करणार, असं नाही. त्याला हाकलू नका. आलास, बस म्हणा, आणि हातातलं काम करा."

म्हटलं, बाईंचं काय जातंय, वस्तरा माझ्या हातात!

तरी काल पोस्टमनकाकांना खुर्चीत बसवलं. विचार आलाच. म्हटलं, बस. घाम डोळ्यांत उतरत होता. विचार गेला नाही, पण मीही थांबलो नाही. दाढी पूर्ण झाली. काका गालावरून हात फिरवून म्हणाले, "इतके दिवस कुठे मेला होतास रे?" मला रडूच आलं.

रविवारी बाबांची दाढी करायला येईन म्हणतो. विचारही येणार. आत्ता लिहितानाही आलाय. बाबांना हे पत्र वाचून दाखव, त्यांना सगळं कळतं. त्यांना किंवा तुला नको वाटलं तर सरळ कळव, मी मनाला लावून घेणार नाही.

पण हो असेल तर तू खोलीत थांबू नकोस. तू पहारा देत उभी राहिलीस, तर मला जन्मभर वाटेल, बाबा तुझ्यामुळे वाचले. बाहेरून दार ओढून घे. मी हाक मारली तरी आत येऊ नकोस. घाबरून मारलेली असेल.

तुझाच,
भित्रा धाकटा