कार्डावर जन्मलेलं बाळ

प्रिय दादासाहेब,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिन्याला घाबरत नसेल आणि वहिनींचा खोकला थांबला असेल, अशी आशा करतो.

तुमच्याकडचं पुस्तकांचं कपाट, वहिनींची न करकरणारी आरामखुर्ची, आईंची काठी आणि ज्या टेबलावर ठेवून तुम्ही हे पत्र वाचताय ते टेबल, सगळं मी या दोन हातांनी केलं, कुणाकडेही न शिकता. (टेबल डगमगत असेल तर फरशी तपासा.) अशा माणसावर या वयात चोरून बाप झाल्याचा आळ आलाय. तुमची बहीण 'चार दिवस हवापालट' म्हणून आले असं सांगत असेल, तर ते खरं नाही.

झालं असं. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाने गिऱ्हाइकांसाठी पॉइंटांचं कार्ड काढलं. अर्ज भरताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, नाव आणि फोन पुरे." पण रकाना रिकामा सोडणं आपल्या रक्तात नाही. मी पत्ता, मजला, दाराचा रंगसुद्धा लिहिला. दुप्पट पॉइंट मिळतात म्हणून पैसेही कार्डानेच देऊ लागलो. आता आतली गोष्ट (कुणाला सांगू नका): माझ्या पटाशीची धार येते ती तान्ह्या बाळाच्या तेलाने. धारेच्या दगडावर त्याला तोड नाही. ड्रॉवर अडू नये म्हणून बाळाची पावडर, आणि पॉलिश करायला लंगोटाइतकं मऊ कापड नाही. हे सगळं मी बिनलेबलाच्या डब्यांत ठेवतो आणि कुणी विचारलंच तर 'हाताची किमया' म्हणतो. तुमच्या बहिणीलाही तेच सांगत आलो.

बायकोपासून लपलं, दुकानापासून लपलं नाही. एक दिवस घरी गुलाबी पाकीट आलं. आत खुळखुळा आणि चिठ्ठी: 'अभिनंदन! तुमच्या बाळाला सहावा महिना लागला!' तुमच्या बहिणीने ती दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं, "मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, अगं, ते सामान लाकडासाठी आणलं होतं. "लाकडाला लंगोट?" म्हणाली, आणि बॅग भरली.

मी तडक दुकानात गेलो. मॅनेजर (वय आपल्या चिरंजीवांएवढं, टाय मात्र आखूड) म्हणाला, "सर, आमची सिस्टिम सहसा चुकत नाही." मी ठणकावलं, घरात बाळ नाही! त्याने आवाज खाली आणला. "घरी अजून सांगितलं नाहीये का?" रोख दिले असते, तर या दुकानाला माझं तोंडही आठवलं नसतं, दादासाहेब. काल दुसरं पाकीट आलं. बाळाला दात येतायत म्हणे. चावायचं रबरी कडं अर्ध्या किमतीत.

बाकी इकडे सर्व ठीक, म्हणजे चहासुद्धा धड होत नाही.

आपला निर्दोष मेहुणा

ता. क. सोबत तेलाची बाटली आणि धारेचा दगड पाठवतोय. तुमच्या बोथट सुरीला बहिणीसमोर धार लावून दाखवा. वर 'कुणाला सांगू नका' लिहिलंय, ते खोडलं समजा.

ता. क. २. तिने तिकडे साबणाची एकच वडी घेतली की सहांचा पॅक, एवढं जाता-येता बघून कळवा. म्हणजे किती दिवसांचा बेत आहे ते समजेल.

ता. क. ३. हीच माहिती तो मॅनेजर मला फोनवर दाखवणार होता. दोघांची कार्डं जोडा म्हणाला, मॅडम कुठल्या शाखेत काय घेतात ते तुम्हाला घरबसल्या दिसेल. मी साफ नाही म्हणालो. माझ्या बायकोने काय घेतलं ते दुकान मला सांगणार? ते सांगायला मेहुणा आहे. कार्डं जोडल्याबद्दल वर बक्षीसही देत होता. तो आकडा तिच्या कानावर जाईल असं बघा: पाच हजार पॉइंट.