पालथा टाक

१६ फेब्रुवारी १९९७
पोचले एकदाची सासरी! नृसिंहवाडीहून जीप निघाली तेव्हा आई रडत होती आणि मी कवठाच्या बर्फीचा खोका मांडीवर सांभाळत होते. घर कोल्हापुरात, गुजरीमागच्या सोनारांच्या बोळात आहे. पुढच्या खोलीत हे कोल्हापुरी साज घडवतात. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून पान उठवायचं, आत तापवलेली लाख भरायची, मागून दुसरा पत्रा बसवायचा. बाहेरून सोनं आणि पोटात किड्यांनी केलेली लाख! मला हसूच आलं.

सासूबाईंना सगळा बोळ आक्का म्हणतो, म्हणून मीही. त्यांनी माझं निशिगंधाचं निशी करून टाकलं आणि हनुवटी धरून बघितलं. नाक जरा वाकडं हाय, पण चालतंय की, म्हणाल्या. मी दुसरेपणाची आहे. ह्यांची पहिली, शालू, काविळीनं गेली. गेली ती गेली. आता चूल माझी, नवरा माझा.

१७ फेब्रुवारी
आज आक्कांनी माझ्या गळ्यात सवतीचा टाक घातला. रीतच आहे, दुसरेपणाच्या बाईनं पहिलीची चांदीची छबी गळ्यात वागवायची. पण इतरांच्या टाकावर कुठलीही बाई असते, नाकडोळे नावाला. हा टाक ह्यांनी स्वतः घडवलाय. हुबेहूब शालू, हनुवटीवरच्या तिळासकट. सरळ नाकाची.

नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, गोडाचा घास आधी टाकाला. आक्का म्हणाल्या, ‘आधी शालूला दाव, मग तू खा. आणि पालथा घालू नगंस. तिचं घर तिला दिसू दे.’

२८ फेब्रुवारी
मेल्या म्हशीला मणभर दूध! शालूचा पांढरा रस्सा, शालूची रांगोळी, शालूचा आवाज. हे जेवताना बोलतात माझ्याशी आणि बघतात टाकाकडं.

टाकात काय भरलंय, असं आज विचारलं. लाख, म्हणाले, आणि त्या लाखेत तिच्या आजारात गळालेले केस. सांगताना डोळे पुसले. माझ्यासाठी या माणसानं अजून साधं जोडवं घडवलेलं नाही.

हो, मी जळते. मेलेल्या बाईवर जळते. लिहायला कसली लाज?

३ मार्च
आज टाक पालथा घातला. तिचं तोंड माझ्या छातीकडं, सपाट पाठ बाहेर. आता बस म्हणावं अंधारात. आक्कांना दिसू नये म्हणून पदर घट्ट घेतला.

संध्याकाळी हे पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून हसले. मी इतकी खूश झाले की आमटीला दोनदा मीठ घातलं.

२३ मार्च, होळी
पोळीचा घास टाकाला दाखवायचा, म्हणून सकाळी तो सरळ करायला गेले. निघेना. घामानं लाख पाझरून चिकटली असेल, असं वाटलं. खोबरेल चोळलं, कोमट पाणी लावलं. शेवटी नखानं चांदीला चिमटा काढला आणि मीच कळवळले. कातड्यावर नव्हे. चांदीवर दुखलं.

आक्कांना सांगायची सोय नाही. पालथा का घातलास, विचारतील.

२६ मार्च
बाजारात जाते सांगून डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बराच वेळ कडा शोधली. कातडं कुठं संपतं आणि चांदी कुठं सुरू होते, ते त्यांना सापडेना. हे आत कुणी बसवलं, टाके कुठायत, असं मलाच विचारू लागले. चांदीत नाडी लागते, म्हणाले. माझ्या नाडीशी ती जुळत नाही.

३१ मार्च
टाकाच्या कडेनं केस उगवलेत. माझे कुरळे आहेत. हे सरळ.

आज रस्सा केला. कुणी शिकवला नव्हता. हे दोनदा मागून जेवले. आक्का पदराआड रडल्या.

सुख व्हायला हवं होतं. झालं नाही. ते कौतुक माझं नव्हतं, आणि मला तेही सहन होत नाही—

३ एप्रिल
आरशात माझ्या हनुवटीवर तीळ. पुसला. जात नाही.

टाकाची पाठ आता सपाट नाही. आतून कुणीतरी ठोकावं तसे उंचवटे येतायत. कपाळ. ओठ. नाक—

नाक वाकडं आहे.

५ एप्रिल
ह्यांनी मला शालू म्हटलं. मी नाही म्हणणार होते. तोंडानं ओ दिली.

आक्कांनीही तशीच हाक मारली.

ती माझ्या नवऱ्याशी बोलते. माझ्या जिभेनं. आणि तो हसतो— माझ्याशी असा कधी—

८ एप्रिल, पाडवा
हात तेवढा अजून अधूनमधून माझं ऐकतो. तोवर लिहिते—

दुपारी ताटं वाढली. श्रीखंड. मला खालून दिसत होतं सगळं. वर तिची हनुवटी. तिनं पदर बाजूला केला, तेव्हा उजेड आला—

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. इतके दिवस हेच मागत होते ना मी? बघितलं. नीट. डोळे भरून. कीव होती त्यांत.

तिनं घास उचलला. त्यांनी तिचा हात धरला. हळूच म्हणाले, ‘आधी निशीला दाव, मग तू—’