आपला मेल मिळाला

८ जून २००९, सोमवार. सकाळी ११
आजपासून रोजनिशी. भाषा शुद्ध ठेवणार. मोठी माणसं वऱ्हाडीत विचार करत असतील, पण लिहीत नाहीत.

कारण असं. भातकुलीत माझं नेट आणि झेरॉक्सचं दुकान. कापसावर कोणाचा भरवसा उरला नाही, म्हणून तालुक्यातली सारी पोरं नोकरीचे फॉर्म भरतात. फॉर्मात ई-मेलचा रकाना असतो. आयडी कोणाजवळच नाही, मग मी माझाच टाकतो. म्हणजे तालुक्याचं भविष्य माझ्या इनबॉक्समध्ये येतं. सध्या न वाचलेले मेल ४१२.

त्यात उस्मानभाई टेलरच्या मुलीचं, अनीसाचं, नर्सिंगच्या मुलाखतीचं पत्र चार दिवस पडून होतं. माझ्या बायकोला, पौर्णिमाला, दिसलं. चपला न घालता पळत सुटली. मुलाखत हुकली नाही. तरी उस्मानभाई दुकानात येऊन म्हणे, देवमनभाऊ, तुमी मेल पाह्यता का नुसते जमा करून राहिले? चार गिऱ्हाइकांसमोर. मनाला लागलं.

संकल्प: सेटिंगमध्ये जेवढ्या जास्तीच्या सोयी आहेत, तेवढ्या साऱ्या चालू करणे.

९ जून. रात्री ८
लेबलं केली. एकतीस. तलाठी हिरवा, नर्सिंग गुलाबी. पोलीस भरतीला खाकी रंग मिळाला नाही, शेवटी निळा दिला, यात दोन तास गेले. मेल एकही वाचला नाही, पण पाया पक्का झाला.

११ जून, गुरुवार
पौर्णिमानं अकोल्याच्या एका कॉलेजात ऑफिस असिस्टंटचा फॉर्म भरला आहे. आयडी अर्थात माझा. सारखी विचारते, आला का मेल? म्हटलं, तुझ्यासाठी वेगळं लेबल करतो. म्हणे, लेबल नको बाप्पा, मेल पाहा. बायकांना सिस्टिम दिसत नाही.

नियम केला: मी कॉम्प्युटरवर असताना मधे बोलायचं नाही. जे असेल ते मेल कर. तिनं सरावासाठी स्वतःचा आयडी काढलाच आहे. तिचे मेल इनबॉक्समध्ये न येता सरळ ‘घरचं, निवांत’ या राखाडी लेबलात जातील, असा फिल्टर लावला. घरातलं माणूस, कुठं पळून जातं?

१३ जून
तयार उत्तराची सोय चालू केली. मेल आला की आपोआप उत्तर जातं: ‘आपला मेल मिळाला. आपले काम आमच्याकडे सुरक्षित आहे. – व्यवस्थापक.’ व्यवस्थापक म्हणजे मी.

सायंकाळी पाहतो तर एका कंपनीकडेही अशीच सोय निघाली. तिच्या मशीननं माझ्या मशीनचे आभार मानले, माझ्यानं तिचे. एकूण ४६ मेल. वाचून बरं वाटलं. एवढा मान मला भातकुलीत कोणी देत नाही.

१५ जून, सोमवार. दुपारी १२
नवी सोय: ‘ब्रेक’. बटण दाबलं की पंधरा मिनिटं मेल बंद, डोळ्यांना आराम. दाबलं. तेवढ्यात शिवम आला. नत्थुजींचा मुलगा, पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचं हॉलतिकीट छापायला. पंधरा मिनिटं बसवलं. सोळाव्या मिनिटाला लाइन गेली. लोडशेडिंग. शिवम काय म्हणाला ते इथं लिहीत नाही. भाषा शुद्ध ठेवायची आहे.

१८ जून, गुरुवार. दुपारी सव्वाचार
चमत्कार! रोजच्यासारखा दीड ते चार झोपलो. उठून पाहतो तर इनबॉक्स साफ. सारे मेल वाचलेले, ज्याला त्याला उत्तरं गेलेली, हॉलतिकिटं छापून गावांप्रमाणे टेबलावर रचलेली. सिस्टिम लागू झाली! प्रिंटही आपोआप निघते, हे माहीत नव्हतं. काय काय सोयी काढतात बाप्पा लोक.

पौर्णिमाला दाखवलं. म्हणे, हाव का? आणि चहा ठेवला. कपाच्या दांडीला काळी शाई लागली होती. स्वच्छतेबद्दल तिला एकदा बोललं पाहिजे.

२२ जून
अनीसाचा नर्सिंगला नंबर लागला. उस्मानभाई बालुशाहीचा पुडा घेऊन आले. वहिनी कुठं आहेत विचारलं आणि पुडा पौर्णिमाच्या हाती दिला. मला तोंडावर शाबासकी द्यायला लाजले असतील. त्या दिवशी बोलले होते ना.

२४ जून, बुधवार. रात्री ९
सकाळी अकोल्याचा मेल आला. पौर्णिमाची मुलाखत २ जुलैला. येणार की नाही, ते २७ तारखेच्या आत कळवायचं.

विचार केला. नोकरी लागली तर रोज बडनेऱ्याहून सातची गाडी. दुपारचं जेवण कोण वाढणार? मी स्वतःसाठी बोलत नाही. तिचीच दगदग.

लपवलं नाही. लपवणं वेगळं. मेलला जांभळा प्रश्नचिन्हाचा तारा लावला आणि कामांच्या यादीत ‘पौर्णिमाला सांगणे’ असं टाकलं. तारीख टाकली नाही. जेवताना तिनं विचारलं, आला का? म्हटलं, पाहतो. हे खोटं नाही. पाहिलाच होता.

२६ जून, शुक्रवार
दोन दिवस पौर्णिमानं ‘आला का?’ विचारलं नाही. आजच्या पिठल्यात मीठ नव्हतं.

सायंकाळी पाहतो तर अकोल्याला उत्तर गेलेलं! दुपारी दोन पस्तीसला, चांगल्या इंग्रजीत: मी हजर राहीन. तयार उत्तराची सोय एवढी पुढं गेली, हे मला माहीत नव्हतं. पाठवलेला मेल परत ओढायची सोय शोधली. ती फक्त पाच सेकंद चालते. तीन तास उशीर झाला होता.

असो. मशीननं कॉलेजला सांगितलं, आता पौर्णिमालाही मशीनच सांगेल.

२ जुलै, गुरुवार
सकाळी अर्धवट झोपेत ऐकलं, मी अकोल्याले चालली, पोळ्या टोपल्यात आहेत. चांगली साडी, हातात फाइल. अकोल्याला तिचे मामा राहतात. मामाकडं फाइल काहून लागते, म्हटलं. पण कूस बदलली.

चार वाजता उठलो. इनबॉक्समध्ये ६३. एकाही मेलला हात लागलेला नाही. सर्व्हर डाउन. साऱ्या सोयी बंद करून पुन्हा चालू केल्या.

३ जुलै
पौर्णिमा घरी. झोप घेतली. उठलो तर इनबॉक्स साफ. म्हटलंच होतं, बंद-चालू केलं की दुरुस्त होते.

१४ जुलै, मंगळवार. रात्री
पौर्णिमा जेवताना म्हणे, सोमवारपासून नोकरीवर जाऊन राहिली मी. मी म्हटलं, मेल कुठं आला? म्हणे, आला, उत्तर गेलं, मुलाखत झाली, निवड झाली. ताटात पाहून जेवलो. मग म्हटलं, जा, दुकान सिस्टिमवर चालतं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

२० जुलै, सोमवार
न वाचलेले ७१. टोपल्यातल्या पोळ्या वातड झाल्या.

२२ जुलै
१९०. बंद-चालू पाच वेळा केलं. आज झोपलोच नाही, टक लावून इनबॉक्सकडे पाहत बसलो. काही होत नाही. बहुतेक मी झोपल्याशिवाय सिस्टिम चालत नाही.

२५ जुलै, शनिवार. दुपारी ३
२८८. उद्या शिवमची लेखी परीक्षा. हॉलतिकीट सापडेना. उस्मानभाईंना विचारलं, तुमच्या अनीसाला मेलमधलं काही समजतं का? ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणे, भाऊ, मेल तर वहिनी पाहत होत्या. तुमी झोपले की पूरी दोपहर. साऱ्या तालुक्याले मालूम आहे.

आठवलं, मीच तिला म्हटलं होतं: जे असेल ते मेल कर.

मग राखाडी लेबल उघडलं. ‘घरचं, निवांत’. न वाचलेले ३७. सारे पौर्णिमाचे.

‘१८ जून. हॉलतिकिटं छापली. तुमी उठले की पाहा.’

‘१९ जून. परदेशातल्या लॉटरीवालीले उत्तर देऊ नका.’

‘२४ जून. अकोल्याचा मेल पाहिला. तुमी तारा लावला. तुमी सांगसान म्हणून दोन दिवस थांबते.’

‘२६ जून. नाही सांगितलं. मीच कळवलं.’

आणि आजचा, अकोल्याहून: ‘शिवमचं हॉलतिकीट काल आलं असन. निळ्या लेबलात पाहा. छापून डाव्या खणात ठेवा, तो पाच वाजता येते.’

प्रत्येकाखाली माझं उत्तर गेलेलं. सदतीस वेळा. चोवीस तारखेच्या मेललाही: ‘आपला मेल मिळाला. आपले काम आमच्याकडे सुरक्षित आहे.’

डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाले लिहू?

निळ्या लेबलात हॉलतिकीट सापडलं. छापलं. डाव्या खणात ठेवलं.

पावणेचार
पौर्णिमाला मेल लिहायला बसलो. अर्ध्या तासात एक ओळ झाली: ‘मी सांगायला पाह्यजे होतं. चुकलं माझं.’ पाठवला. परत ओढायचं बटण पाच सेकंद समोर होतं. हात मांडीवर ठेवून बसलो.

लगेच तिच्या आयडीवरून उत्तर आलं. ‘आपला मेल मिळाला. आपले काम आमच्याकडे सुरक्षित आहे.’

हातानं लिहिलं की मशीननं, कळायला मार्ग नाही. खाली सही होती: व्यवस्थापक.