जपानच्या मतदानात माझी भर

सनीव्हेल,
मंगळवार, १७ जुलै २००७

तीर्थरूप सुलभामावशीस,

निमिषचा साष्टांग नमस्कार. (इथे घरभर गालिचा आहे, त्यामुळे साष्टांग घालायला जड जात नाही. खरंच घातला. यतीनने, म्हणजे माझ्या नागपूरकर रूममेटने, रिमोट कोचाखाली गेला का म्हणून विचारलं.) तुझा गुडघा कसा आहे? शाळेचा जिना चढताना कठडा धरतेस की अजून मुलांना ओरडत तशीच चढतेस? काकांनी गोड सोडल्याचं कळलं. सगळीकडे सोडलं की फक्त तुझ्यासमोर, एवढं कळव. मी मजेत आहे. वजन वाढलंय, केस कमी झालेत, एकूण हिशेब तोच.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. त्यातल्या तीन ओळी माझ्या प्रकृतीला आणि चौथी थेट मानेवर: 'आपल्या गल्लीची मतदारयादी पडताळणीला माझ्याकडेच आली आहे, तुझ्या नावापुढे काय लिहू? ३१ तारखेला यादी परत द्यायची आहे.' मावशी, या बाबतीत तू कशी आहेस ते मला ठाऊक आहे. स्वतःच्या सासऱ्यांचं नाव तू तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कमी करून आली होतीस. मी दोन वर्षं इथे आहे, परदेशात राहणाऱ्याला आपल्याकडे मत देता येत नाही, आणि तिथे राहत नसलेल्याचं नाव तू यादीत राहू देणार नाहीस. उत्तर एका शब्दाचं आहे. पण ते लिहायला मला तीन दिवस लागले, आणि मध्ये जपानची निवडणूक आली. ती आधी सांगतो.

आमच्या कंपनीत फेब्रुवारीपासून जपानहून पाच तरुण पोरं वर्षभराच्या प्रशिक्षणाला आली आहेत. चिप कशी तपासायची ते मी त्यांना शिकवतो (म्हणजे ती तपासतात आणि मी शेजारी उभा असतो). त्यांचे साहेब ओकुबो-सान, अठ्ठावन्न वर्षांचे, शांत गृहस्थ. दोन आठवड्यांपूर्वी जेवताना ते म्हणाले, येत्या २९ तारखेला आमच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक आहे, पण विशीतल्या मुलांत शंभरातली जेमतेम पस्तीस मतदान करतात. हे ऐकून ती पाचही जणं आपापल्या नूडल्समध्ये फार लक्ष घालू लागली. त्यांच्यातला शोता अखेर नम्रपणे म्हणाला, उमेदवार सगळे आजोबांच्या वयाचे असतात, कुणीही निवडून आलं तरी माझी शिफ्ट तीच राहते.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मावशी, त्या क्षणी तू माझ्या अंगात आलीस. मी त्यांना जत तालुक्यातलं मतदान केंद्र सांगितलं, ट्रॅक्टरवरून नेलेलं यंत्र सांगितलं, बाजेवरून आणलेली नव्वदीची म्हातारी सांगितली, शाळेच्या बाकावर यंत्राशेजारी डोकं टेकून झोपणं सांगितलं. हे सगळं तुझ्याच निवडणुकीच्या ड्यूटीतलं. फक्त सांगता सांगता 'माझी मावशी' कुठेतरी गळाली आणि 'आम्ही' सुरू झालं. शेवटी मी डाव्या हाताची तर्जनी वर केली आणि म्हणालो, आमच्याकडे या बोटावर शाई लावतात, आणि ती शाई दाखवत आम्ही आठवडाभर मिरवतो. ओकुबो-सान उठले आणि कमरेत वाकले. मीही वाकलो, त्यात माझा चष्मा सुपात पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून विचारलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या आमच्या कॉन्सुलेटमध्ये मतदान सुरू होतंय, तर या मुलांना तुम्हीच घेऊन जाल का? परदेशात राहून त्यांना मत देता येतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे बघ, ज्यांना इथून मत देता येतं ते देत नाहीत, आणि ज्याला देता येत नाही तो त्यांना घेऊन निघाला. यतीन म्हणाला, 'यार, तुला तुझ्या पार्किंगचं परमिट रिन्यू करायला जमत नाही, आणि तू जपानचं गव्हर्नमेंट चेंज करणार?' मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पाचही जणांना विचारलं, पाचही जणांनी माना डोलावल्या. आपल्या वक्तृत्वावर माझा विश्वास बसला.

शनिवारी सात जणांची भाड्याची गाडी घेतली. इंडियन दुकानातले चुरमुरे आणून भडंग केलं (लसूण करपला, पण जपानी माणूस करपलेल्या लसणालाही आभार मानून खातो). पोरं कॅमेरे घेऊन आली तेव्हा मला वाटलं, पहिलं मत, फोटो हवाच. निघालो दुपारी अडीचला, पाचला मतदान बंद होणार होतं, तासाभराचा रस्ता. वाटेत मी त्यांना लोकशाही समजावत होतो. समजावताना डाव्या हाताने हावभाव केले आणि वळण चुकलं. इथे पुलावर एकदा गाडी चढली की मध्येच वळता येत नाही, त्यामुळे आम्ही खाडी ओलांडून ओकलंडला पोचलो. मागे टाळ्या वाजल्या. पूल पाहून त्यांना आनंद झाला होता, आणि येताना तोच पूल पुन्हा लागला तेव्हा तितकाच झाला. मग गाडी लावायला जागा मिळेना. कॉन्सुलेटच्या दाराशी पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

रखवालदार म्हणाला, फक्त मतदारांनीच आत जायचं. मिनामी नावाची मुलगी, तेवीस वर्षांची, पर्समधून एक कार्ड काढून आत गेली. बाकी चौघं माझ्याजवळच उभी. मी म्हटलं, चला, चला, वेळ नाही. तेव्हा शोता कमरेत वाकला आणि त्याने फार सभ्य शब्दांत सांगितलं की आमच्याकडे ते कार्ड नाही. परदेशातल्या मतदाराला ते आधी अर्ज करून मागवावं लागतं आणि गावाकडून यायला दोन-तीन महिने लागतात. मग आलात कशाला, म्हणून मी विचारलं. त्याचं म्हणणं, वयाने मोठ्या सहकाऱ्याने बोलावलं तर नाही म्हणणं बरं दिसत नाही, शिवाय आम्ही सॅन फ्रान्सिस्को पाहिलं नव्हतं.

आणि मिनामी? तिने फेब्रुवारीतच पत्ता नोंदवताना तो अर्जही भरून टाकला होता (तिला फॉर्म भरायला आवडतात). ती त्याच शनिवारी सकाळी ट्रेनने येऊन मत देऊन जाणार होती. माझं मन मोडू नये म्हणून तिने तो बेत कॅन्सल केला. म्हणजे माझ्या मोहिमेने जपानच्या मतदानात पडलेली भर शून्य, आणि होतं ते एक मतही मी ओकलंडला घालवून येणार होतो. उरलेली वीस मिनिटं मी फुटपाथवर बसून भडंग खाल्लं.

मिनामी पाचला बाहेर आली. त्यांच्याकडे बटण नाही, चिन्ह नाही, उमेदवाराचं नाव पेन्सिलीने स्वतःच्या हाताने लिहायचं, मग पाकिटात पाकीट घालून सही करायची. तिने सांगितलं, नाव चुकू नये म्हणून तिने घरी दहा वेळा लिहून पाहिलं होतं. मग ती आपल्या बोटाकडे बघून म्हणाली, तुमच्याकडे खूण असते, आमच्याकडे काहीच नाही, मला तशी खूण करून द्याल? शोताने लगेच बॅगेतून मार्कर काढला. मी तिचं बोट धरलं आणि नखाच्या मुळापासून खाली कातडीवर अशी रेघ ओढली की तू केंद्रावर ओढतेस तिच्यापुढे ठेवावी. नखाच्या कडेला शाई जरा जास्त, कातडीवर जरा फिकी. शोता म्हणाला, किती सफाईने केलंत. मी म्हटलं, सराव आहे. त्यांना वाटलं, बऱ्याच निवडणुका झाल्या असतील.

मावशी, २००४ च्या लोकसभेला मी मत दिलं नव्हतं. मित्रांबरोबर दंडोब्याच्या डोंगरावर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी तू जतहून ड्यूटी करून परत आलीस, दोन रात्री झोप नव्हती, आणि दारातच तू आधी माझं बोट पाहिलंस. त्यावर मी सकाळीच मार्कर फिरवला होता. तू हातपायही न धुता स्वयंपाकघरात गेलीस आणि माझ्यासाठी शिरा केलास. मी दोन वाट्या खाल्ल्या. त्याआधीच्या दोन निवडणुकांना आणि नंतरच्या विधानसभेलाही मी गेलो नाही, पण तेव्हा तू विचारलं नाहीस. त्या फुटपाथवर त्या मुलीच्या खऱ्या मतावर माझ्या हातची ती रेघ पाहून मला फार लाज वाटली. हे तुला तोंडावर सांगायचं धैर्य नाही, म्हणून सात समुद्रांपलीकडून सांगतोय.

तेव्हा उत्तर: माझ्या नावापुढे 'स्थलांतरित' लिही.

काकांना नमस्कार. रागावलीस तर गुडघ्याला त्रास होईल, म्हणून बसून रागाव.

तुझा,
निमिष

ता. क. पुढच्या वर्षी परत यायचा माझा विचार आहे. (विचार आहे म्हणजे, आत्ता हे लिहिताना आला.) तर 'तात्पुरता बाहेरगावी' असं काही लिहिता येत नाही का? हे पत्र खरं म्हणजे एवढं विचारायलाच घेतलं होतं.

ता. क. २ वरचा ता. क. वाचू नकोस. तुला असलं काही करायला सांगणारा मी कोण. ज्याने चार निवडणुका घरी असून बुडवल्या, त्याने पाचवीसाठी जागा अडवून ठेवू नये.

ता. क. ३ पण एक मागतो. केंद्रावर मतदार आला की तू यादीतून त्याचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतेस, बसलेल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. माझं नाव असं कुणी कधीच वाचलेलं नाही, कारण मी कधी समोर उभाच राहिलो नाही. तर नावावर पट्टी ठेवून रेघ मारण्याआधी ते एकदा मोठ्याने वाच. घरात कुणी नसलं तरी चालेल.