मन मोकळं करायची खिडकी

२२ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची. घोडेगावपर्यंत एसटी वेळेवर होती. शिनोली मागे पडल्यावर मात्र ड्रायव्हरला दिसेल त्या माणसाशी दोन शब्द बोलायचे होते, आणि मी आपली मांडीवर लोणच्याची बरणी धरून बसलेली. पण चिडावं असं बाहेर काहीच नव्हतं. भातं निसवलेली, ओढे अजून वाहते, डोंगर हिरवेगार. बरणी न सांडता आली, हाच माझा इथला पहिला चमत्कार.

वसतिगृहाच्या फाटकात फादर सायमन स्वतः उभे होते, तोच जुना बिनबाह्यांचा स्वेटर घालून. बाबा गेले तेव्हा नगरकडच्या आमच्या गावच्या चर्चमध्ये हेच होते. मला शिकवलं यांनी, माझ्या शिक्षणावरून आईशी भांडले हेच. बाबा आम्हाला टाकून मेले याचा मला राग आलाय, हे मी पोरवयात पहिल्यांदा पापनिवेदनाच्या जाळीपुढे यांनाच सांगितलं होतं. जाळीपलीकडून ते म्हणाले होते, ‘बोल लेकरा. इथे बोललेलं बाहेर जात नाही.’ त्या एका वाक्याच्या आधारावर मी इतकी वर्षं काढली आहेत.

माझ्या आधी इथलं वसतिगृह फादर लिओ बघत. त्यांच्या आधीच्या नेमणुकीच्या गावाहून मुलांच्या तक्रारी आल्या आणि गेल्या वर्षी धर्मप्रांताने, म्हणजे बिशपांनी, त्यांना सगळ्या सेवेतून दूर केलं. सभेत तशी घोषणा झाली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते. आता फादरऐवजी बाई नेमायची, तीही बालसंरक्षणाचं प्रशिक्षण घेतलेली, असं ठरलं. ती बाई म्हणजे मी, उज्ज्वला त्रिभुवन. आमच्यात चूक झाली तर आम्ही झाकत नाही, असं शेजारणीला ठणकावून सांगून आले आहे.

खोली छान आहे. खिडकीतून समोर गावाची शीव दिसते आणि तिथला शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड. मोबाइलला रेंज हवी असेल तर त्या दगडापर्यंत चढायचं. बिबट्याचा वावर आहे म्हणून दिवे लागले की सगळ्या खोल्यांना बाहेरून कडी आणि कुलूप. किल्ल्या फादरांच्या स्वेटरच्या खिशात. त्यांनीच जपायचं आणि आपण निवांत झोपायचं, लहानपणीसारखं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पोरं गोड आहेत. सगळी वरच्या वाड्यांमधली, महादेव कोळ्यांची. घरी भात आणि नाचणी, इथे शाळा. ख्रिस्ती एकही नाही, आणि करायचंही कुणाला नाही. पण फादरांनी एक प्रथा पाडली आहे, ती मला फार आवडली. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर चॅपलमधल्या पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे ते बसतात आणि एकेक मूल येऊन मनातलं सांगतं. कुणी पेन्सिल चोरली, कुणाला आई आठवते. मुलं तिला ‘मन मोकळं करायची खिडकी’ म्हणतात. आम्हाला प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमना हे दाखवायला हवं होतं.

मी पुण्याहून आणलेली तक्रारपेटी फादरांनी कौतुकाने पाहिली आणि कपाटावर ठेवून दिली. खिडकी असताना पेटी कशाला, म्हणाले. मलाही पटलं.

चौथीतली समृद्धी मात्र खिडकीपाशी गेली आणि काही न बोलता परत आली. जाळीखालच्या लाकडावर नखांचे ओरखडे आहेत, मुलांच्या हाताच्या उंचीवर. पॉलिश करून घ्यायला हवं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज भर दुपारी मुलं शाळेत असताना डोक्यावर कुणीतरी चाललं. वरच्या माळ्यावर. स्लिपर ओढत चालल्यासारखं, भिंतीपर्यंत आणि परत. फादरांना विचारलं तर हसले. उदमांजर आहे म्हणाले, कौलांतून येतं, या बाजूला घरोघरी असतं. मी उदमांजर कधी पाहिलेलं नाही, तेव्हा वाद कशाला घाला.

स्वयंपाक करणाऱ्या लंकाबाई एक ताट जास्त वाढतात. पाहुणे येणार आहेत का, असं विचारलं. आजारी फादर आहेत एक, इसाव्याला आलेत, असं म्हणून त्या पातेलं घासायला वळल्या. ही बाई एरवी मला हिरड्याच्या भावापासून स्वतःच्या सुनेपर्यंत सगळं ऐकवते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

समृद्धी शाळेतून आली की अंगणातच बसते. ऊन असो, वारा असो, माळ्याखालच्या हॉलमध्ये पाय टाकत नाही. कुलपाची वेळ झाली की तिला ओढत न्यावं लागतं. तिने तिची पथारी माझ्या खोलीत, दाराशी आणली आहे. काय झालं विचारलं तर ओठ मिटून घेते.

वरून आज बामचा वास आला. उदमांजर बाम लावत नसावं, असं मी लंकाबाईंना गमतीने म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

८ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीचा विषय निघाला तेव्हा लंकाबाईंनी वाघबारसेचं सांगितलं. वसुबारसेच्याच दिवशी सगळी वाडी वाघोबापाशी जमते, खिरीचा नैवेद्य होतो, आणि एक पोरगा वाघ होतो. सगळे त्याला घेरून विचारतात, आमच्या शिवारात येशील का? त्याने ‘न्हाई, न्हाई’ म्हणत पळायचं आणि लोकांनी शिवेपार पिटाळायचं. देवालाच असं दरडावता होय, म्हणून मी चेष्टा केली.

लंकाबाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, ‘देव असला म्हनून काय झालं? खानारा त्योच ना? मग त्याला सगळ्यांम्होरं ईचारायचं. येकट्यानं ईचारून भागत न्हाई.’ आणि वर माळ्याकडे एकदा बघून चुलीपाशी गेल्या.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

माझ्या हातून काय झालं ते लिहिते.

आज मीच समृद्धीला समजावलं. मला सांगता येत नसेल तर खिडकीपाशी सांग, फादर सायमन मला वडिलांसारखे आहेत, ते सगळं नीट करतील. माझा हात धरून आली बिचारी. ती आत होती तोवर मी चॅपलच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होते. स्वतःवर खूश होते मी.

बाहेर आली ती माझ्याकडे न बघता. मी तिच्या मागे गेले. मोरीपाशी थांबून म्हणाली, ‘मागच्या साली पन सांगितलं व्हतं. लिओ फादरचं. हितंच. फादर म्हनले, आता सांगून झालं. परत कुनाला सांगितलं तर पाप लागल.’

मागच्या साली. म्हणजे फादर लिओ इथे होते तेव्हा, घोषणेच्या आधी. माझ्या टाळ्यांच्या आधी.

तडक फादरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जाळीपाशी सांगितलेलं गुपित असतं, म्हणाले, ते मी उच्चारू शकत नाही आणि तूही विचारू नयेस. मी म्हटलं, पोरीचा बाप्तिस्मा झालेला नाही, हे पापनिवेदनच नव्हे. आणि तिने स्वतःचं पाप सांगितलंच नाही, दुसऱ्याचं सांगितलं. कायद्याने हे कळताक्षणी पोलिसांत द्यावं लागतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, दमली आहेस.

त्या हातामुळे मी गप्प झाले. लाज वाटते लिहिताना, पण झाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लंकाबाई बहिणीकडे निरगुडसरला गेल्या. जास्तीचं ताट मी वर नेलं. माळ्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवून परत फिरायचं, असं फादरांनी बजावलं होतं. दार किलकिलं होतं. बामचा वास. स्लिपर ओढत कुणीतरी दारापाशी आलं आणि ताट उचलायला हात बाहेर आला. मग चेहरा.

फादर लिओ.

दाढी वाढली आहे, वाळले आहेत, पण तेच. हॉलमधल्या फोटोत मुलांच्या मधोमध बसलेले. मला म्हणाले, देव तुमचं भलं करो. मग मुलांची विचारपूस केली, एकेकाचं नाव घेऊन. समृद्धी आता केवढी झाली, असं विचारलं.

जिना कसा उतरले आठवत नाही. उदमांजर नव्हतं. इतके दिवस आमच्या डोक्यावर तेच चालत होते. खाली मुलं झोपत होती आणि दारांना कुलपं बाहेरून होती. आम्ही आत. ते मोकळे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

फादर सायमन यांनी नाकारलं नाही. ते नाकारतील अशी आशा होती मला.

म्हणाले, कुठे ठेवू त्याला? कोणत्याच धर्मग्रामात, कोणत्याच चर्चमध्ये त्याला घेत नाहीत. उरलेलं आयुष्य प्रार्थनेत काढायला सांगितलंय. ही जागा आडबाजूला आहे, इथले लोक आपल्या भानगडी पेपरात वाचत नाहीत. मी विचारलं, आणि मुलं? ते म्हणाले, मुलांसाठीच तर तुला आणलं. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.

आता कळतंय. इतक्या प्रशिक्षित बायका होत्या, मलाच का बोलावलं. मी यांच्याविरुद्ध तोंड उघडणार नाही म्हणून. माझ्या फीपासून माझ्या रडण्यापर्यंत सगळं यांच्यापाशी जमा होतं, ते आज वसूल करताहेत. बाबा मेले तेव्हा मी इतकी पोरकी नव्हते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी लागली. मुलं घरी गेली. समृद्धी नाही — तिचा अभ्यास मागे आहे, तिला इथेच ठेवायची, असा निरोप फादरांनी परस्पर तिच्या आजीला धाडला. सगळं वसतिगृह रिकामं, ही एक पोर, आणि वर ते.

मी सांगून टाकलं, उद्या घोडेगावला पोलीस ठाण्यात जाते. फादर म्हणाले, सदसद्विवेक सांगतो ते कर, मीच जीपने सोडतो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. वाटलं, अजून माणूस शिल्लक आहे.

फोन करायला वाघोबापर्यंत जावं लागेल. पोरीला तेवढाही वेळ एकटं सोडायचं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ

समृद्धीची आजी, कुशाबाई, फाटकात येऊन उभी राहिली. निरोप मिळाला होता, तरी आली. फादरांनी अभ्यासाचं सांगितलं तर म्हणाली, ‘आज वाघबारस हाये. पोर वाघोबाची खीर खाल्ल्याबगर र्‍हायची न्हाई. तुमी काय बी म्हना, आमी लई हट्टी हाओत.’ फादर मागे लागायच्या आत मी पोरीचं बोचकं तिच्या हातात दिलं.

समृद्धीला जवळ घेतलं. म्हटलं, खिडकीचं मी तुला सांगितलं, ते चुकीचं सांगितलं. सांगितलं की पाप लागतं हे खोटं आहे. आजीला सांग. ज्याला सांगावंसं वाटेल त्याला सांग, उघड्यावर. ती आजीच्या पदराआड सरकली. एकदा फसवणाऱ्या बाईवर का विश्वास ठेवावा तिने?

गेली. आता मी बॅग भरते.

दुपार

बॅग भरत होते. बाहेरून कडी सरकली. मग कुलूप.

फादर अंगणातून बोलले — ओढ्यापाशी बिबट्या दिसलाय, आतच राहा. या उन्हात! मी दार बडवलं. हाका मारल्या. ते म्हणाले, शांत हो लेकरा, रागात काही करू नकोस.

जीप सुरू झाली. गेली.

लंकाबाई नाहीत. फोनला रेंज नाही. खिडकीला गज.

वर चालणं सुरू आहे. भिंतीपर्यंत — परत — भिंतीपर्यंत —

थोड्या वेळाने

वाघोबापाशी माणसं जमली आहेत. इथून दिसतात, एवढी एवढीशी. कुशाबाईचं हिरवं लुगडं ओळखू येतंय. मी ओरडले. ढोल वाजतोय, ऐकू जाणार नाही.

वरचं चालणं थांबलंय.

विचारताहेत. सगळे मिळून. येशील का? आमच्या शिवारात येशील का? वाघ झालेला पोरगा पळतोय — न्हाई — न्हाई —

जिन्यावर स्लिपर.

ढोल थांबला. मधेच. का? सगळे खाली वाकून कुणाचं तरी ऐकताहेत. घोळक्यात मधे काहीतरी लहान, लाल फ्रॉक — सकाळी मीच घातला होता — बोलतेय ती. सगळ्यांपुढे. बोल बाळ. बोल —

स्लिपर व्हरांड्यात आल्या.

माणसं शिवेकडे जात नाहीत. उतरताहेत. इकडे. धावत. हातात काठ्या. पण किती लांब, मधे सगळं भाताचं शेत —

बामचा वास. दारापाशी.

कुलपात किल्ली. किल्ली तर फादरांच्या खिशात — जाताना देऊन गेले. त्यांनी ती देऊन —

टेबल लावलंय दाराला. हे लिहिलेलं खिडकीतून बाहेर टाकते, कुणाला तरी —

दारापलीकडून बोलताहेत. हळू. ते वाक्य. माझं वाक्य. आवाज फादर सायमनचा नाही. पण शब्द तेच, तसेच, यांनाही पाठ —

‘बोल लेकरा. इथे बोललेलं बाहेर जात —